पान्हा उचलण्याआधी

हिंगोलीहून कळमनुरीकडे जा, औंढ्याकडे जा की सेनगावकडे. गाव संपता संपता एखाद्या लिंबाखाली किंवा गॅरेजच्या मागे एक जुनी पिकअप उभी दिसतेच. टायर मातीत रुतलेले, काचेवर धुळीचा थर, हौद्यात गवत उगवलेले. कधीकाळी याच गाडीने एका घराचे पोट भरलेले असते. वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती, आठवडी बाजाराला भाजी, पेरणीच्या दिवसांत खताच्या गोण्या, लग्नसराईत डेगा आणि खुर्च्या असे सगळे तिने वाहिलेले असते. मग मालक आजारी पडतो, इंजिन बसते किंवा हप्ते थकतात. ‘उद्या बघू’ म्हणून उभी केलेली गाडी दोन-तीन पावसाळे तिथेच काढते.

घरातला एखादा मुलगा हाताशी येतो, थोडेफार गॅरेजचे काम शिकतो, आणि त्याची नजर त्या गाडीवर जाते. नवी पिकअप घ्यायची तर मोठे कर्ज आणि त्यावर व्याज. ही तर दारातच उभी आहे. हीच नीट केली तर स्वतःच्या कष्टाची रोजी सुरू होईल, असे त्याला वाटते. हा विचार चांगलाच आहे, फक्त सुरुवात चुकीच्या टोकाने होते. पोरे आधी बॅटरी आणून सेल्फ मारतात, नाहीतर पेंटरकडे रंगाचा भाव काढतात. माझे म्हणणे असे की पान्हा उचलण्याआधी एक वही आणि पेन्सिल घ्यावी. जुनी गाडी उभी करण्यातले निम्मे यश त्या वहीत असते, आणि घरातले निम्मे भांडणही तिथेच टळते.

अशी गाडी उभी राहते का?

राहते, आणि त्याचे कारण तिच्या बांधणीत आहे. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींचा पत्रा हाच त्यांचा सांगाडा असतो. पिकअपचे तसे नाही. खाली लोखंडी शिडीसारखी चेसिस असते आणि तिच्यावर केबिन, हौदा, इंजिन हे सगळे बोल्टने बसवलेले असते. पत्रा सडला तर पत्रा बदलता येतो, इंजिन गेले तर ते बाहेर काढून बांधता येते. खालची शिडी शाबूत आहे तोवर गाडी जिवंत आहे, असे समजायला हरकत नाही.

आपल्याकडच्या पिकअपचे मूळ जीपमध्ये आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी दोन महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. तिचे नाव होते ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. पुढे या कंपनीने विलीज जीप जोडायला घेतली, आणि त्याच घराण्यातून आजच्या बोलेरो पिकअपपर्यंतची वाट निघाली. टाटांनी १९८६ मध्ये ४०७ आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल पिकअप आणली. या गाड्या लाखोंनी विकल्या गेल्यामुळे त्यांचे सुटे भाग अजून मिळतात आणि त्यांचे काम जाणणारा मिस्त्रीही मिळतो. जुनी गाडी हाती घेताना हा मोठा आधार आहे. फार कमी विकलेल्या मॉडेलची गाडी असेल, तर आधी भाग मिळतात का ते विचारून घ्या.

पहिले पान : गाडी कोणाची?

वहीच्या पहिल्या पानावर इंजिनाबद्दल काही लिहायचे नाही. गाडी कोणाची आहे, ते लिहायचे.

दारात उभ्या असलेल्या पुष्कळ गाड्या वडिलांच्या नावावर असतात आणि वडील हयात नसतात. मुलगा म्हणतो, ‘अब्बांची गाडी आहे, म्हणजे माझीच.’ तसे नसते. वडिलांच्या माघारी गाडी हा तरक्याचा भाग आहे. आधी दफनविधीचा खर्च आणि वडिलांचे कर्ज फिटायचे, वसीयत असेल तर ती हद्दीत पुरी व्हायची, आणि उरलेल्यात सगळ्या वारसांचा हिस्सा. दुसऱ्या गावी नांदणाऱ्या बहिणीचाही त्यात हिस्सा असतो.

एक उदाहरण घेऊ. आजी-आजोबा हयात नाहीत. मागे अम्मी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. उभ्या गाडीची आज आहे त्या स्थितीत किंमत ८०,००० रुपये धरू. मुले असल्यामुळे अम्मींचा आठवा हिस्सा, म्हणजे १०,०००. उरले ७०,०००. त्यात मुलाचे दोन भाग आणि प्रत्येक मुलीचा एक. म्हणजे मुलाचे ३५,००० आणि प्रत्येक बहिणीचे १७,५००. वारस वेगळे असतील तर हिशेबही वेगळा होईल. तो जाणकार आलिमांकडून करून घ्यावा.

रक्कम लहान वाटते, पण भांडण लहान नसते. माझ्या माहितीतल्या एका घरात हेच झाले. मुलाने कोणाला न विचारता गाडीवर पैसे घातले. वर्षभराने गाडी कमावू लागली तेव्हा घरात विषय निघाला. तो म्हणाला, ‘मी एवढा खर्च केला, तेव्हा कोणी आले नाही.’ धाकटी बहीण म्हणाली, ‘भाईजान, तुम्ही विचारलंच कधी?’ दोघांचेही खरे होते. गाडीची आधीची किंमत काय होती आणि त्याच्या खर्चाने ती किती वाढली, हे आता कोणालाच सांगता येईना. ईदला येणेजाणे थांबले. शेवटी मामूंनी मध्ये पडून काहीतरी आकडा ठरवला, पण मनातली अढी राहिलीच.

म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी गाडीची किंमत ठरवून घ्या. दोन गॅरेजवाले आणि एक जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा, अशा तिघांना दाखवा. चारही बाजूंनी फोटो काढा. मग अम्मी आणि बहिणींसमोर बसून ठरवा. एक वाट अशी की मुलाने सगळ्यांचे हिस्से ठरलेल्या किमतीत घ्यावेत. रोख नसेल तर किती दिवसांत देणार ते लिहावे. दुसरी वाट अशी की सगळ्यांनी भागीदार राहावे. मग खर्च, नफा आणि तोटा कसा वाटायचा तेही लिहावे. बहिणीने राजीखुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा हक्क आहे. पण ‘माहेर तुटेल’ या भीतीने सोडलेला हिस्सा राजीखुशीचा नसतो, हे भावाला आतून माहीत असते. देण्याघेण्याचे लिहून ठेवायला आपल्याला सांगितलेलेच आहे. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा एक कागद पुरतो.

दुसरे पान : कार्यालयातले काम

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे आपल्याकडे एमएच ३८ बरोबर परभणीच्या एमएच २२ क्रमांकाच्या जुन्या गाड्याही दिसतात. तुमची नोंद कोणत्या कार्यालयात आहे, ते आरसी बुकावर पाहा. मोबाइलवर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव, फिटनेसची तारीख, विमा आणि बोजा तपासा. थकलेली ई-चलने वेगळी पाहा.

मालक मयत असेल तर वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकी वारसांची नाहरकत लागते. नियमाने मृत्यूची खबर ३० दिवसांत कार्यालयाला द्यायची असते आणि तीन महिन्यांत नावबदलाचा अर्ज करायचा असतो. मुदत उलटली असली तरी अर्ज करा. उशिराचे पैसे भरावे लागतात एवढेच. एक गोष्ट मात्र घरात स्पष्ट करा. बहिणींनी नाहरकत दिली म्हणून आरसीवर एकाचे नाव लागले, तरी त्याने त्यांचा हिस्सा संपत नाही. कार्यालयाची नोंद वेगळी आणि घरातला हक्क वेगळा.

कर्ज फिटलेले असूनही आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच असतो, असे खूपदा दिसते. शेवटचा हप्ता भरला की काम झाले, असे लोकांना वाटते. पण कंपनीचे ना-देय पत्र आणि नमुना ३५ दिल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि तोवर गाडी मोकळेपणाने विकता येत नाही. हे काम खर्चाआधी करा. कंपनीच्या वहीत अजून बाकी निघाली, तर तो आकडाही किमतीच्या हिशेबात आला पाहिजे.

‘पंधरा वर्षांची गाडी आता सरकार बंदच करणार’ ही भीती गावोगाव आहे. सरसकट तसे नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील नोंदणी बंद झाली ती सरकारी गाड्यांची. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे मालवाहू गाडीला कसोटी आहे ती फिटनेसची. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला तो दरवर्षी घ्यावा लागतो, आणि गाडी जितकी जुनी तितकी फी जास्त. पर्यावरण करही लागतो. फीचे दर बदलत असतात, म्हणून एजंटच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका. कार्यालयाच्या खिडकीवर किंवा संकेतस्थळावर आपल्या गाडीचा क्रमांक देऊन एकूण थकबाकी काढा आणि वहीत लिहा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते.

आणि विमा. गाडी गल्लीतून पेट्रोल पंपापर्यंत जरी न्यायची असली तरी किमान तृतीय पक्षाचा विमा हवाच. बिनविम्याच्या गाडीला पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये आहे, पण खरी भीती दंडाची नाही. अपघातात कोणी गेले किंवा जायबंदी झाले, तर विमा नसताना भरपाई मालकाच्या घरादारावर येते. तोवर गाडी हलवायची झाली तर टोचन करून किंवा दुसऱ्या गाडीवर चढवून न्या. लायसन्सबद्दल एक दिलासा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडीही चालवता येते.

तिसरे पान : सांगाडा

आता गाडीजवळ जा, पण रिकाम्या हाताने नाही. एक छोटा हातोडा, जुना स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि काठी घ्या. पावसाळ्यात उभी गाडी म्हणजे साप, विंचू आणि उंदरांचे घर. बॉनेट उघडण्याआधी काठीने वाजवा, सीटखाली हात घालण्याआधी टॉर्च मारा. लहान मुलांना दूर ठेवा.

आधी चेसिस नंबर शोधा. गंजावर हळू ब्रश मारा, वर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. इंजिन नंबरचेही तसेच. नंबर जुळत नसेल तर तिथेच थांबा आणि आधी कार्यालयात विचारा. अंक पुसट झालेत म्हणून कोणाकडून पुन्हा कोरून घेऊ नका. तो गुन्हा ठरू शकतो.

मग शिडी तपासा. दोन्ही लांब पट्ट्यांवर हातोडा हलका मारत जा. चांगले लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते. पाटे जिथे चेसिसला अडकतात ते ब्रॅकेट, केबिनचे माउंटिंग आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या इथे सड आणि तडे जास्त सापडतात. आपल्या भागातल्या गाड्यांत हौदा जास्त खराब असतो, आणि त्याला कारण आहे. युरिया, डीएपीच्या गोण्या फुटून सांडलेले खत हवेतले पाणी ओढते आणि लोखंड खाते. जनावरांचे मूत, ओल्या भाजीचे पाणी यांचेही तेच. ज्या गाडीने खत वाहिले आहे तिच्या हौद्याखाली पडून वर पाहा. स्क्रूड्रायव्हरचे टोक पत्र्यात घुसले, तर तो पत्रा बदलायचाच आहे.

हौदा आणि केबिनचा पत्रा हे खर्चाचे काम असले तरी होणारे काम आहे. चेसिसच वाकलेली असेल, मधून तडकलेली असेल किंवा आधीच तीन-चार ठिकाणी वेल्डिंग मारलेली असेल, तर मन घट्ट करा. अशा गाडीवर एक टन माल आणि दोन माणसे बसवणे म्हणजे जिवाशी खेळ. आधीच्या मालकाने जादा पाटे घातलेले दिसले तर ओळखा की गाडीने वर्षानुवर्षे जास्तीचा माल ओढला आहे. तिथे तडा दुप्पट काळजीने शोधा.

चौथे पान : थांबण्याचा आकडा

एवढे झाल्यावरच पैशाकडे या. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात गाडीची आजची किंमत. दुसऱ्यात खर्चाचा अंदाज, कागदपत्रांच्या थकबाकीसह. तिसऱ्यात याच मॉडेलची, एवढ्याच वयाची चालती गाडी बाजारात कितीला मिळते तो भाव.

उदाहरणाचेच आकडे घेऊ. आजची किंमत ८०,००० रुपये. खर्चाचा अंदाज १,२०,०००. बेरीज २,००,०००. आणि तशीच चालती गाडी बाजारात २,००,००० ला मिळते. वरवर पाहता बरोबरी आहे. पण जुन्या गाडीत उघडल्याशिवाय कळत नाही असे काम निघतेच. म्हणून अंदाजाचा तिसरा हिस्सा, इथे ४०,००० रुपये, राखीव धरावा लागतो. म्हणजे सगळे सुरळीत गेले तर बरोबरी, आणि एक काम वाढले की तोटा. अशा वेळी ही गाडी आहे तशी विकून चालती घेणे शहाणपणाचे. अंदाज ७०,००० निघाला असता तर राखीव धरूनही दुरुस्ती परवडली असती. तुमचे आकडे तुम्ही काढा. रीत हीच ठेवा.

‘अब्बांची आठवण आहे’ हेही खरे असते. आठवणीसाठी चार पैसे जास्त घालायला कोणी नाही म्हणत नाही. पण ते किती, हे आधी लिहा आणि घरात सांगा. आठवणीच्या नावावर बायकोचे दागिने सावकाराकडे जाऊ नयेत. पैसा कमी असेल तर काम टप्प्याटप्प्याने करा. गाडी आणखी चार महिने उभी राहिली तर बिघडत नाही, व्याजाचे कर्ज मात्र एक दिवसही उभे राहत नाही.

आकडा जुळला नाही आणि गाडी मोडीतच काढायची ठरली, तरी ती तशीच भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि कार्यालयात नोंदणी रद्द करा. नाहीतर तुमच्या नावाचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरेल आणि पोलीस तुमच्या दारी येतील.

मग पान्हा

आकडा जुळला, तर बिस्मिल्ला करा. कामाचा क्रम असा ठेवा : आधी ब्रेक, स्टेअरिंग आणि चाके, मग इंजिन, मग वायरिंग, मग पत्रा, आणि रंग सगळ्यात शेवटी. चालू होणाऱ्या गाडीपेक्षा थांबणारी गाडी आधी हवी.

उभ्या गाडीचे ब्रेक जाम झालेले असतात. तिला ट्रॅक्टर लावून ओढू नका. आतले लायनर आणि चाकाची बेअरिंग दोन्ही जातात. आदल्या दिवशी नट-बोल्टवर डिझेल आणि जुने ऑइल सोडून ठेवा. गाडी जॅकवर उचलली की लगेच घोडी लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, एका मिनिटासाठीही नाही. ड्रम काढल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नका; जुन्या लायनरची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडर, ब्रेकचे रबरी पाइप आणि ब्रेक ऑइल नवे घाला. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूच्या चार अंकी आकड्यावरून वय बघा. २३१७ म्हणजे २०१७ सालातला २३ वा आठवडा. रबराला भेगा असतील तर तो टायर मालाखाली फुटणारच.

इंजिनला सेल्फ मारायची घाई नको. आधी ऑइलची काडी बघा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. हेड गॅसकेट किंवा त्याहून मोठे काम आहे. टाकीतले जुने डिझेल पूर्ण काढा, तळाशी पाणी आणि गाळ असतो. ऑइल, सगळे फिल्टर आणि रेडिएटरचे पाणी बदला. उंदरांनी वायर कुरतडल्यात का ते पाहा. उघडी वायर असताना बॅटरी जोडली तर आग लागते. मग नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि पुढच्या पुलीला पान्हा लावून इंजिन हाताने फिरवा. दोन फेरे मोकळे फिरले तरच पुढे जा. अडले तर जोर लावू नका, मिस्त्रीला बोलवा. डिझेलची हवा काढून पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टरचा पाइप काढून शेजारी एक सपाट फळी तयार ठेवा. पंप अडकून इंजिन बेफाम सुटले तर हवेचे तोंड फळीने दाबले की ते बंद पडते. हात लावू नका.

चालू झाल्यावर धूर वाचा. काळा धूर असेल तर नोझल, पंप किंवा हवेचे काम. निळा असेल तर ऑइल जळते आहे, रिंगा गेल्यात. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर गॅसकेटकडे बघा. ऑइलचे झाकण उघडल्यावर आतून जोराने वाफ फेकत असेल, ज्याला मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, तर इंजिन बांधावे लागेल. जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणायचे ठरले, तर बिल आणि ते ज्या गाडीचे आहे तिचे कागद घ्या, आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. चोरीचे इंजिन स्वस्त असते ते उगीच नाही.

मिस्त्रीला संपूर्ण गाडी एकदम गुत्त्याने देऊ नका. एकेक काम ठरवा, त्याचे मजुरीचे बोलून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा आणि भाग स्वतः आणा. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट डब्यांत घालून वर चिठ्ठी लावा. रोजचा खर्च त्याच वहीत लिहा. भागीदार बहिणीला किंवा अम्मीला महिन्यातून एकदा ती वही दाखवा. त्यांना नोझल आणि लायनर कळले नाहीत तरी चालेल. आपल्याला विचारले जाते, हे त्यांना कळते.

रंगाच्या दिवशी पेंटर विचारेल की मागच्या फळीवर काय लिहू. कोणी ‘माशाअल्लाह’ लिहितो, कोणी मुलांची नावे. जे आवडेल ते लिहा. पण त्याआधी वहीचे पहिले पान उघडून बघा की ज्यांचे जे देणे होते ते फिटले आहे, किंवा निदान कधी फिटणार ते लिहिलेले आहे. मग ती गाडी हळदीची पहिली खेप घेऊन मोंढ्यात जाईल तेव्हा तिच्या कमाईत बरकत असेल आणि घरात कोणाची हाय नसेल.

पुढच्या अंकात ब्रेक आणि चाकांचे काम घरच्या घरी कितपत करता येते आणि कुठे मिस्त्रीच हवा, ते सविस्तर पाहू. तोवर या रविवारी एवढेच करा : वही आणा, आरसी शोधा, आणि अम्मीजवळ बसा.